दुसऱ्या हातात झाकला तरच बेस: मिनिएचरचे रंग घरच्या घरी कसे पारखावेत

घराला रंग द्यायचा ठरला की रंगारी कंपनीचं नाव नंतर विचारतो. आधी भिंतीवर बोट फिरवतो आणि म्हणतो, "किती हात मारायचे?" खाली फिका रंग असेल तर दोन हात, गडद असेल तर तीन, आणि अस्तर नीट नसेल तर कितीही मारा, डाग वर येतोच. टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळातला २८ मिलिमीटर उंचीचा प्लॅस्टिकचा सैनिक, म्हणजे मिनिएचर, रंगवतानाही प्रश्न हाच असतो, फक्त भिंत नखाएवढी असते.

यंदा मे महिन्यात भाचा सुट्टीला इंदूरला आला तो मोबाइलमध्ये पाच-सहा कंपन्यांचे सेट उघडूनच. "मामा, सगळ्यांनी नवीन रंग काढलेत. कुठला सेट घेऊ?" मी म्हटलं, सेट घेऊच नकोस. चार कंपन्यांची एकेक-दोन-दोन बाटली घे, आपण टेबलावर लावून बघू. पुढचं सगळं त्या टेबलावरचं आहे. कुठली कंपनी पहिली आली ते मी सांगणार नाही, कारण तसा निकाल निघतच नाही. एकाच कंपनीचा निळा दोन हातांत बसतो आणि पिवळा चार हात मागतो. म्हणून पारख कंपनीची करायची नाही, एकेका रंगाची करायची, आणि ती कशी करायची तेवढं सांगतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. या छंदात 'बेस' तीन गोष्टींना म्हणतात. सैनिक ज्या गोल चकतीवर उभा असतो ती चकती म्हणजे बेस. सर्वांत खाली मारतात ते अस्तर, म्हणजे प्रायमर, त्यालाही नवखी मुलं बेस म्हणतात. आणि अस्तरावर जो पहिला खरा रंग बसतो, लाल चिलखत, निळा अंगरखा, तपकिरी पट्टा, तो बेसकोट. त्यासाठी बनवलेला, जास्त झाकणारा रंग म्हणजे बेस पेंट. या लेखात बेस म्हणजे फक्त हा तिसरा.

काही रंग झाकतात, काही का झाकत नाहीत

हे कळलं की अर्धे पैसे वाचतात, म्हणून जरा सविस्तर.

अ‍ॅक्रिलिक रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंगद्रव्याची पूड, ती धरून ठेवणारा अ‍ॅक्रिलिकचा बाइंडर आणि पाणी. पाणी उडतं, बाइंडरचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून पातळ पापुद्रा तयार होतो, पूड त्यात अडकते. आता खालचा रंग झाकला जाईल की नाही हे बरंचसं पूड आणि बाइंडर प्रकाशाला किती वेगळं वळवतात यावर ठरतं. बाइंडरचा वक्रीभवनांक, म्हणजे या वळवण्याचं माप, सुमारे १.५. पांढऱ्यासाठी वापरतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे २.७. एवढा फरक असल्यामुळे प्रकाश आत शिरण्याआधीच उधळून परत येतो आणि खालचं काही दिसत नाही. गेरू, काव, तपकिरी हे लोहाच्या ऑक्साइडचे रंगही याच वर्गातले, म्हणून मातकट रंग कुठल्याही कंपनीचा घ्या, बहुतेक झाकतोच. काळ्याची तऱ्हा वेगळी: तो प्रकाश परत पाठवत नाही, गिळतो.

भडक लाल, लिंबासारखा पिवळा, गुलाबी, नारिंगी ही बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यं. त्यांचा वक्रीभवनांक बाइंडरपेक्षा फार वेगळा नसतो. प्रकाश आरपार जातो, खालच्या काळ्या अस्तरावर आपटून विझतो आणि आपण म्हणतो, "रंग पातळ निघाला." रंग पातळ नसतो, स्वभावानेच पारदर्शक असतो.

बेस पेंट बनवणारे यावर दोन उपाय करतात. पूड जास्त भरतात आणि पारदर्शक रंगद्रव्यात थोडं टायटॅनियम किंवा लोहाचं ऑक्साइड मिसळतात. म्हणूनच बेस रेंजमधला पिवळा हळदीकडे किंवा मोहरीकडे झुकलेला दिसतो, लाल जरा विटकरी किंवा कोकमासारखा दिसतो. लिंबू-पिवळा आणि दोन हातांत झाकणारा, असं दोन्ही एका बाटलीत कुणी विकत असेल तर आधी कार्डावर मारून बघा.

गणपतीच्या कारखान्यात कधी उभे राहिला असाल तर हे माहीत असेल. मूर्तिकार पीतांबराचा पिवळा थेट मातीवर मारत नाही. आधी अख्खी मूर्ती पांढरी करतो. तो वक्रीभवनांक म्हणत नाही एवढंच.

बाजारात काय आहे

सिटाडेल ही गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीची रेंज. २०१२ मध्ये त्यांनी आपले रंग कामानुसार वाटले: बेस, त्यावरच्या थरांचा लेयर, खोबणीत सावली भरणारा पातळ शेड, कोरड्या ब्रशने घासायचा ड्राय वगैरे. 'बेस' हा शब्द बाटलीवर ठळक छापण्याची सवय मुख्यतः तिथून लागली. १२ मिलीची झाकणाची डबी. मेफिस्टन रेड, मॅक्रॅग ब्लू, एव्हरलँड सनसेट ही नावं कुठल्याही खेळणाऱ्याला पाठ असतात, आणि झाकण्याच्या बाबतीत हे तिन्ही आपापल्या रंगात मापदंड धरायला चांगले आहेत.

वायेहो ही स्पेनची. इथली पोरं 'वॅलेजो' म्हणतात, दुकानदारही तेच म्हणतो, तेव्हा मागताना तसंच मागा. त्यांचं मॉडेल कलर दाट असतं. गेम कलर अलीकडे नव्या मिश्रणात आलं आणि १७ मिलीची बाटली १८ ची झाली. मॉडेल एअर मात्र एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या यंत्रासाठी, मुद्दाम पातळ केलेलं असतं. ते ब्रशने मारून "झाकत नाही" म्हणणं म्हणजे ताकाला दही नाही म्हणून नावं ठेवणं.

आर्मी पेंटर डेन्मार्कची. २०२४ मध्ये त्यांनी जुन्या वॉरपेंट्सच्या जागी वॉरपेंट्स फॅनॅटिक आणले, १८ मिलीचे. यात एकाच रंगाच्या गडद ते फिक्या सहा छटा ओळीने लावलेल्या असतात, त्यामुळे पुढचा उजळ रंग कुठला हे शोधावं लागत नाही. नवख्यासाठी ही मोठी सोय आहे. याच कंपनीचे स्पीडपेंट आणि सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट हे मात्र बेस नव्हेत. ते मुद्दाम पारदर्शक असतात, खोबणीत साचतात आणि उंचवट्यावरून ओघळतात. घाईत नाव वाचून तेच मागवणारे मी तीन जण तरी पाहिलेत, त्यातला एक मी.

अमेरिकेच्या मॉन्युमेंट हॉबीजचे प्रो अ‍ॅक्रिल २२ मिलीच्या बाटलीत येतात आणि त्यातल्या टायटॅनियम पांढऱ्याचं नाव आहे. स्पेनच्याच एके इंटरअ‍ॅक्टिव्हचे थर्ड जनरेशन रंग १७ मिलीचे. एवढ्या नावांवर पारख करायला भरपूर झालं.

सामान

प्रत्येक कंपनीचे पाचही रंग विकत घ्यायची गरज नाही. पांढरा, पिवळा, लाल, गडद निळा आणि हाडासारखा मळकट पांढरा या पाचांत रंगाची सगळी सत्त्वपरीक्षा होते. आमच्याकडे चार कंपन्यांच्या मिळून नऊ बाटल्या होत्या, त्यातल्या दोन मित्राकडून उसन्या.

चाचणीसाठी परदेशात लोक प्लॅस्टिकचे चमचे वापरतात. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवर बंदी आहे, आणि २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या इंदूरमध्ये ते मागणं म्हणजे दुकानदाराची नजर झेलणं. त्याहून चांगली गोष्ट घरातच आहे: मुदत संपलेली एटीएम कार्डं, जुनी सदस्यत्वाची कार्डं. सपाट, कडक, हातात मावणारी. चिप आणि क्रमांक कापून टाका, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवा, भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा.

शिवाय लागेल: दोन नंबरचा एक बरा गोल ब्रश (सगळ्या रंगांना हाच, ब्रश बदलला की तुलना संपली), मेडिकलमधली १ मिलीची सिरिंज, कापसाच्या काड्या, मोबाइल आणि ज्या सांगाड्यातून सैनिकाचे तुकडे कापून काढतो त्या स्प्रूचे उरलेले तुकडे.

आणि ओली पॅलेट. मिठाईचा पसरट प्लॅस्टिकचा डबा, तळाला भिजवलेला स्पंजचा पातळ तुकडा, त्यावर केक भाजताना घालतात तो पार्चमेंट कागद. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून पाणी झिरपत नाही. मे महिन्यात इंदूरला दुपारी पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि हवा कोरडी ठण्ण. कोरड्या बशीवर घेतलेला थेंब दुसऱ्या सैनिकापर्यंत पोचेस्तोवर कडेने आळलेला असतो. मग रंगाची जाडी दर मिनिटाला बदलते आणि आपण दोष बाटलीला देतो.

पहिली पायरी: अस्तर

कार्डाचे तीन उभे भाग करा. एक काळा, एक करडा, एक पांढरा, तिन्ही प्रायमरने. स्प्रे असेल तर बाकीचे भाग कागदाने झाकून मारा, नाहीतर ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. मग सैनिकाच्या जोडीला दोन-तीन स्प्रूचे तुकडेही अस्तर मारून ठेवा, ते पुढे खरवडायला लागतात.

स्प्रे कधी मारायचा हे या गावात महत्त्वाचं. भर दुपारी गच्चीवर मारला तर थेंब सैनिकापर्यंत पोचायच्या आतच हवेत सुकतात आणि अंगावर वाळूसारखी खर बसते. पावसाळी दमट हवेत अस्तर धुरकट, पांढुरकं पडतं. मी उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत मारतो आणि रंगकाम रात्री करतो. मालव्याच्या रात्रीची 'शब-ए-मालवा' म्हणून ख्याती आहे ती सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्यापुरतीच नाही. दहानंतर वारा सुटला की रंगही नीट वागतो. फक्त पंखा थेट टेबलावर नको.

अस्तर चोवीस तास वाळू द्या.

दुसरी पायरी: हलवणं, आणि माझी एक फजिती

रंगाची बाटली दुकानात आणि कुरिअरमध्ये महिनोन्‌महिने उभी असते. पूड तळाला बसून साका होतो, वर निवळ राहते. न हलवता पहिले दोन थेंब काढले तर ती निवळच निघते, आणि जगातला सर्वांत चांगला बेस पेंटही पाणचट वाटतो. ड्रॉपरची बाटली दोन तळव्यांत धरून रवीसारखी घुसळा, मग मिनिटभर जोरात हलवा. डबी असेल तर उघडून काडीने तळ खरवडा. काडीला घट्ट गोळा लागला तर अजून ढवळायचं आहे.

बाटलीत एखादा मणी असला की काम सोपं होतं. आर्मी पेंटरच्या बाटलीत तो आधीच असतो. बाकीच्यांत आपण टाकायचा, आणि इथे मी हुशारी केली. सायकलच्या दुकानातून दहा रुपयांचे बेअरिंगचे छर्रे आणले आणि सगळ्या बाटल्यांत दोन-दोन सोडले. खडखड आवाज झकास. दोन महिन्यांनी पांढरा उघडला तर थेंब चहा सांडल्यासारखा पिवळट पडला. तळाशी चिमट्याने चाचपलं, छर्‍यावर गंजाचं तांबडं साल आलं होतं. हलवायच्या आवाजावर खूश होऊन अख्खी पांढरी बाटली गेली, आणि हाडाच्या रंगाची बाटली गंजली आहे की मुळातच तशी आहे हे आजतागायत कळलेलं नाही. काचेचे मणी टाका किंवा खात्रीचं स्टेनलेस स्टील. माळेतला तुटका काचमणी चालतो, रंग दिलेला मात्र नको.

तिसरी पायरी: पातळ करणं

"पाणी किती?" याचं एक उत्तर नाही, पण तुलनेपुरतं एक माप धरावंच लागतं. मी दोनदा चाचणी घेतो. एकदा बाटलीतून आला तसा, आणि एकदा सगळे रंग सारखे वाहतील इतके पातळ करून. दुसरी चाचणी खरी.

सारखं वाहणं कसं ओळखायचं? ब्रश रंगात बुडवून कडेला पुसा आणि अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. रेघ तुटक आली तर दाट. नखाच्या कडेला ओघळली तर पातळ. एकसंध रेघ आली आणि ब्रशचे फराटे दोन-तीन सेकंदांत आपोआप मिटले तर झालं. सायीच्या दुधासारखा दिसला पाहिजे, ताकासारखा नाही. ड्रॉपरच्या रंगांना माझ्याकडे साधारण दोन थेंब रंगाला एक थेंब पाणी लागतं. डबीतल्या रंगाला सिरिंजने मोजून सुरुवात करतो आणि वहीत लिहून ठेवतो. रंगाइतकंच पाणी घातलं तर बाइंडर विरळ होतो, वाळताना कडेला कपाखालच्या वर्तुळासारखी रेघ उमटते. त्याहून पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मीडियम, म्हणजे पूड नसलेला नुसता बाइंडर, घाला.

पाणी आरओचं वापरा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आमच्या बादलीवर महिन्याभरात चढतो, तो मला काळ्या झग्यावर नको आहे.

चौथी पायरी: कार्ड

आता खरी गंमत. अस्तर मारलेल्या कार्डावर काळ्या, करड्या, पांढऱ्या अशा तिन्ही पट्ट्यांवरून आडवी जाईल अशी एकेका रंगाची पट्टी ओढायची, एक सेंटिमीटर रुंद. संपूर्ण पट्टीवर पहिला हात. वाळल्यावर प्रत्येक अस्तरावरचा डावीकडचा एक तृतीयांश सोडून उरलेल्या भागावर दुसरा हात. तो वाळल्यावर प्रत्येक अस्तरावरच्या शेवटच्या तृतीयांशावर तिसरा. म्हणजे प्रत्येक अस्तरावर एक, दोन आणि तीन हात शेजारी शेजारी दिसतात.

दोन सूचना. खालची रेघ बघण्यासाठी काही जण परमनंट मार्करने काळी रेघ मारतात. तसं करू नका, मार्करची शाई वरच्या रंगातून फुटून येते आणि रंग झाकत नाही असा खोटा निकाल मिळतो. आणि दोन हातांमधलं अंतर सगळ्यांना सारखं ठेवा. आम्ही मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावला. वरून कोरडा वाटणारा थर आतून ओला असला तर दुसरा हात त्याला उचलून आणतो आणि मधोमध चट्टा पडतो.

वाळल्यावर फोटो काढा आणि मोबाइलमध्येच तो काळा-पांढरा करा. रंग डोळ्याला फसवतात. भडक लाल बघून मन म्हणतं "बसला की", पण काळ्या-पांढऱ्या फोटोत काळ्या अस्तरावरचा तुकडा पांढऱ्यावरच्यापेक्षा गडद दिसला तर बसलेला नाही. रंगाच्या कारखान्यांत नेमकं हेच मोजतात: काळ्यावरच्या थराचा उजळपणा भागिले पांढऱ्यावरच्याचा. उत्तर ०.९८ आलं की पूर्ण झाकला असं धरतात. आपल्याकडे ते यंत्र नाही, पण फोटोत शिवण दिसते की नाही एवढं पुरतं.

आमच्या कार्डावर निळ्यांमध्ये भांडणच झालं नाही, सगळे दोन हातांत. हाडाचा रंगही तसाच. लालात बेस म्हणून विकलेला लाल काळ्यावर दोन हातांत बसला, साधा भडक लाल तिसऱ्यातही धगधगत्या निखाऱ्यासारखा मधूनच काळपट. पिवळ्यांनी तर परीक्षाच घेतली. काळ्यावर लिंबू-पिवळा तीन हातांनंतर हिरवट दिसत होता. भाचा म्हणाला, "मामा, हा तर शेवाळलाय." काळ्यावर पारदर्शक पिवळा हिरवट दिसतोच. त्याच बाटलीचा पिवळा हाडाच्या रंगावर मारला, एका हातात चमकला. म्हणजे महागडा पिवळा शोधण्यापेक्षा खाली एक हात हाडाचा द्यावा. मूर्तिकाराचा शहाणपणा तो हाच.

पांढऱ्याला या कार्डावर नापास करू नका. काळ्यावर दोन पातळ हातांत पांढरा करणारा रंग विरळा. त्याला करड्या अस्तरावरच तपासा, आणि झाकण्यापेक्षा तो खडूसारखा दाणेदार वाळतो का हे बघा.

पाचवी पायरी: आडवा उजेड

कार्ड टेबलावर ठेवून मोबाइलची बॅटरी अगदी आडवी, टेबलाला लागून धरा. ब्रशचे फराटे, दाणे, कडेची जाड रेघ, सगळं सावलीसकट दिसतं. झाकण्यात पहिला आलेला रंग इथे पुष्कळदा मार खातो, कारण पूड जास्त म्हणजे दाटपणा जास्त. कॅनव्हासवर रंगाचा जाड लेप हा गुण असू शकतो, चित्रकार बेंद्र्यांच्या गावात, इंदूरात, हे वेगळं सांगायला नको. पण २८ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर तोच लेप म्हणजे पापण्या आणि ओठ बुजणं. मी झाकण्यात थोडा कमी पण फराटे न सोडणारा रंग पसंत करतो. तिसरा हात मारता येतो, बुजलेलं नाक परत कोरता येत नाही.

तकाकीही इथेच दिसते. एकाच कंपनीच्या दोन रंगांची तकाकी वेगळी असते. शेवटी मॅट वॉर्निश मारणार असाल तर फार मनावर घेऊ नका.

सहावी पायरी: छळ

चोवीस तासांनी ओल्या कापसाच्या काडीने पट्टीवर वीस वेळा घासा. काडीला किंचित रंग लागणं ठीक, पण खालचं अस्तर दिसायला लागलं तर त्या रंगावर पुढचे ओले थर देताना तो उचलला जाणार. मग स्प्रूच्या तुकड्यावर, तीक्ष्ण कडेवर, नख ओढा. खेळताना सैनिक नेमके तलवारीच्या टोकाला आणि खांद्याच्या कडेला सोलतात, सपाट पाठीला नाही. साल निघालं तर आधी अस्तराकडे आणि धुण्याकडे बघा. साच्याचं तेलकट आवरण राहिलं असेल तर कुठलाच रंग धरत नाही.

शेवटी पट्टीच्या एका टोकाला तपकिरी शेडचा ओला हात फिरवा. बेस अगदी खडूसारखा असेल तर तो शेड शोषतो आणि डाग पडतो, फार तकतकीत असेल तर शेड थेंब होऊन सरकते. या चाचणीत आमचा कार्डावरचा लाडका लाल घसरला, आणि जो कुणी विशेष मनावर घेतला नव्हता तो हाडाचा रंग सगळ्यांत सुंदर निघाला.

धातूचे रंग या सगळ्यात घेऊ नका. त्यांच्यात चकाकीचे सपाट कण असतात, ते ओल्या पॅलेटवर तरंगून पसरतात आणि मग हाडाच्या रंगातही चांदी चमकते. त्यांना वेगळी बशी, वेगळं पाणी.

सातवी पायरी: हिशेब

बाटलीची किंमत बघून स्वस्त-महाग ठरवू नका. किंमत भागिले मिली, गुणिले हात. समजा दोन बाटल्यांची किंमत सारखी आहे. एकात १२ मिली आणि रंग दोन हातांत बसतो. दुसऱ्यात १८ मिली, पण तीन हात लागतात. दोन भागिले बारा आणि तीन भागिले अठरा, दोन्हीकडे एक षष्ठांश. रंगाचा खर्च तंतोतंत सारखा! मग वेळ मोजा. वीस सैनिकांची तुकडी, एका हाताला एकेकी पंधरा मिनिटं, म्हणजे तिसरा हात पाच तास खातो. भाच्याच्या सुट्टीत पाच तास फुकट असतात, माझ्या रविवारात नसतात. म्हणून तो १८ वाली घेईल, मी १२ वाली, आणि दोघांचंही बरोबर.

डबीचा एक छुपा खर्च आहे. झाकणाच्या ओठावर रंग साचून वाळतो, झाकण नीट बसत नाही, आणि या हवेत डबी आतून आळते. दर वेळी ओल्या फडक्याने ओठ पुसा. एकदा माझ्याकडे पार्सलमधून आलेली डबीच दगड निघाली होती. तेव्हापासून पार्सल आलं की आधी कानाशी धरून हलवतो. आत डुचमळलं नाही तर उघडायच्या आधी व्हिडिओ काढतो, म्हणजे परत करताना वाद नको.

आपले देशी रंग कुठे बसतात

कॅमल किंवा फेव्हिक्रिलचे रंग कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि बाहेरच्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त. त्यांनाही याच कार्डावर आणा, तोंडी निकाल देऊ नका. आमच्याकडे तपकिरी, काळा आणि गेरूचा रंग तीन हातांत नीट बसले, हे लोहाचे आणि काजळीचे रंग असल्याने आश्चर्य नाही. कापडासाठीचा रंग मात्र वाळल्यावर लवचीक राहावा म्हणून बनवलेला असतो. सैनिकाच्या चेहऱ्यावर तो रबरी आणि चमकदार दिसला. गोल चकतीवरची माती, खडक, पडकी भिंत यासाठी मी हेच वापरतो. तिथे बाहेरचा १२ मिलीचा रंग ओतणं म्हणजे दिवाळीच्या किल्ल्याला केशराचं पाणी शिंपडणं.

वही

प्रत्येक कार्डाच्या मागे रंगाचं नाव, बाटली उघडल्याची तारीख, पाण्याचं प्रमाण, कुठल्या अस्तरावर किती हात, आणि त्या दिवशीची हवा लिहा. आमच्या कार्डांवर 'मे, रात्र, कोरडी' असं आहे. पाऊस सुरू झाला की त्यातले पाच रंग मी पुन्हा लावणार आहे, कारण जुलैत वीस मिनिटांचा गजर पुरणार नाही. तो बहुधा चाळीसचा करावा लागेल, आणि पॅलेटच्या डब्यातलं पाणी दर दुसऱ्या दिवशी बदलावं लागेल, नाहीतर कागदावर रंगाआधी बुरशी दिसेल. भाचा तोवर परत गेलेला असेल. त्याच्या नावाचं एक कार्ड लिहून ठेवलंय, त्यावर त्यानेच पिवळ्यासमोर शेरा मारलाय: 'खाली हाड.'